दहा माणसं जमेपर्यंत

मी पेटी बोलतेय. दचकू नका, लशीची पेटी. आमच्या गावात हल्ली पेटी म्हटलं की लोकांना दुसरीच, मयताची आठवते. सडकेच्या कडेला सुतारांची तीन दुकानं होती, ती या वर्षात सात झाली आणि सातही जण एकच वस्तू बनवतात. मी त्यांतली नाही. मी निळी आहे, हातभर उंच. खांद्याला अडकवायला मला पट्टा आहे आणि झाकणाखाली चिरा पाडलेला स्पंजचा तुकडा आहे.

मी स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बोल लावायला नको. कारखान्यात माझ्या भिंतींत फेस भरला तेव्हा त्याबरोबर भीतीही भरली असावी. मला उन्हाची भीती वाटते. लस तापली की मेली, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच दिसते. मला बर्फाचीही भीती वाटते, कारण लस गोठली तरी मेली. म्हणून बर्फाच्या चार चपट्या बाटल्या माझ्यात ठेवण्याआधी त्यांना घाम येऊ द्यायचा, मग कानाशी धरून हलवायच्या, आत पाणी डुचमळलं की मगच ठेवायच्या. या दोन भीतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत माझं सगळं आयुष्य गेलं.

जहाजातून, मालमोटारीतून आणि शेवटी एका सायकलच्या कॅरियरवरून मी शिरे नदीच्या खोऱ्यातल्या चिम्बाले गावी आले. मलावीच्या दक्षिणेला हे खोरं म्हणजे तापलेला तवा. इथे ऑक्टोबरात कोंबड्यासुद्धा दुपारी अंगणात पाय ठेवत नाहीत. माझ्यासारख्या भित्रीची नेमणूक नेमकी इथे व्हावी, याला काय म्हणायचं?

पण ती वर्षं चांगली गेली. गोवर, पोलिओ, धनुर्वात. बायका पोरांना पाठीशी बांधून यायच्या, पोरं मला बघताच भोकाड पसरायची आणि आया हसायच्या. त्या रडण्याची मला सवय लागली होती.

मी नावाला सरकारची, पण खरी फेलेस्टाची. फेलेस्टा आमच्या केंद्रातली आरोग्य सेविका. तीन गावं तिच्याकडे. लोक तिला डॉक्टर म्हणतात, थोडं आदराने आणि थोडं चिडवायला. ती बारीक अंगाची, भराभर चालणारी, आणि नियमाला अशी चिकटलेली की तिच्या वहीत 'वाया गेले' या रकान्यात बारा वर्षं शून्याशिवाय काही नव्हतं. त्या शून्यांचा तिला अभिमान होता. मलाही होता. आता त्या अभिमानाची मला लाज वाटते, पण ते पुढे सांगते.

मग साथ आली. तुम्हाला कोणती ते सांगायला नको, ती तुमच्याकडेही आली होती.

पहिले कित्येक महिने मी फळीवर रिकामी पडून होते. केंद्रात रेडिओ चालू असायचा. लस निघाली म्हणे. कुठल्या कुठल्या श्रीमंत देशांनी माणशी चार-चार, पाच-पाच डोस आधीच राखून ठेवले म्हणे. फेलेस्टाची आई मलिता आजी तेव्हा व्हरांड्यात शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "एका माणसाला दंड दोन. पाच सुया टोचणार कुठे?"

कोणी हसलं नाही. मलिता आजी सदुसष्ट वर्षांची, दम्याची. पावसाळी हवेत तिचा श्वास शिट्टी वाजवायचा. लेकीकडे रोज येऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायची. फेलेस्टा कामात असली तरी तिचा एक कान त्या शिट्टीकडे असायचा. शिट्टी वाढली की तिच्या हातातली पेन्सिल थांबायची. ही साथ छातीवर बसते हे तिला ठाऊक होतं, आणि आईच्या छातीत आधीच जागा उरलेली नव्हती.

आमची पाळी आली तेव्हा तीन कुप्या आल्या. नीट ऐका, तीन. एका कुपीत दहा डोस. तीन गावांत मिळून साडेसहा हजार माणसं. शिवाय कुप्या शिळ्या. ज्यांनी मागवल्या होत्या त्यांना त्या लागल्या नाहीत, म्हणून मुदत संपत आल्यावर त्यांनी दान केल्या. आमच्या हातात पडल्या तेव्हा अठरा दिवस उरले होते. पाहुणे उठून गेल्यावर उरलेलं अन्न शेजारी पाठवावं, त्यातला प्रकार. पण भुकेल्याने वास घेत बसू नये. फेलेस्टाने त्या एकेक करून माझ्यात ठेवल्या.

आता या लशीचा एक नियम. कुपीचं बूच एकदा टोचलं की सहा तासांत दहाच्या दहा डोस संपवायचे. म्हणून वरून सक्त हुकूम होता की दहा माणसं समोर बसल्याशिवाय कुपी उघडायची नाही. थेंब वाया गेला तर जबाब द्यावा लागेल.

पहिली कुपी हुकमाप्रमाणे शिक्षक, पोलीस आणि केंद्रातल्या लोकांना गेली. दुसरी पुढच्या बुधवारी म्हाताऱ्यांना. फेलेस्टाचा हात इतका सफाईदार की दोन्ही वेळा दहा काढून झाल्यावर तळाशी उरलेल्यातून तिने अकरावा पूर्ण डोस काढला. पहिला अकरावा केंद्राच्या झाडूवाल्याला मिळाला, दुसरा भाजी विकायला आलेल्या एका बाईला. "कुपीत दहा लिहिलेले असतात, असतात अकरा," असं ती सगळ्यांना सांगायची.

दुसऱ्या कुपीच्या वेळी मलिता आजी रांगेत आली होती. फेलेस्टाने तिला बाजूला घेतलं.

"आई, तू पुढच्या वेळी. आज तुला टोचलं तर लोक म्हणतील, डॉक्टरने घरचं ताट आधी भरलं."

"म्हणू देत की. लोकांच्या तोंडाला कुठे झाकण आहे?"

"मला चालणार नाही."

आजीने बाही खाली केली आणि शेंगांकडे परत गेली. माझं झाकण उघडं होतं, मी सगळं पाहिलं. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण माझं ऐकतो कोण.

राहिली एक कुपी. आणि मग सुरू झालं दहा माणसांचं कोडं. फेलेस्टा रोज मला सायकलला बांधून चिम्बालेच्या आंब्याखाली जायची आणि वाट बघायची. पहिल्या दिवशी सहा आली. दुसऱ्या दिवशी आठ. मग सात. दोन-दोन कोस चालून आलेली माणसं दुपारपर्यंत बसायची, दहा व्हायची नाहीत, आणि ती परत जायची. एकदा परत पाठवलेला माणूस दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. अफवाही होत्याच. सुई घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, पोरं होत नाहीत, दंडाला लोखंड चिकटतं.

लामेक नावाचा सायकल टॅक्सीवाला होता, मागच्या सीटवर गिऱ्हाईक बसवून गावोगाव सोडायचा. तो रोज आंब्याखाली पाय टेकून उभा राहायचा. "डॉक्टर, दहावा मी झालो असतो हो. पण दंडाला चमचा चिकटतो म्हणतात. आमच्या घरात एकच चमचा आहे, बायको द्यायची नाही."

"तुला आजवर शहाणपण चिकटलं नाही," मलिता आजी म्हणायची, "चमचा कुठला चिकटतोय."

आजी रोज यायची. सहांत ती होती, आठांत होती, सातांत होती. मला आतून कुपीवरची तारीख दिसायची आणि मी दिवस मोजायचे. एक दिवस फेलेस्टाने कुपी हातात घेतली, बुचावर अंगठा ठेवला, समोरच्या आठ जणांकडे बघितलं. आईकडेही बघितलं. आणि परत ठेवून दिली. दोन डोस वाया जातील म्हणून आठ माणसं परत गेली. हिशोब म्हणून तो बरोबर होता.

शेवटचा दिवस सोमवार होता. त्या पहाटे गावप्रमुख दोरिकाबाईंचा भाऊ वायसन गेला. आठवडाभर खोकत होता.

आमच्याकडे घरात मयत असलं की गाव थांबतं. कुदळीला हात लागत नाही, उखळात मुसळ पडत नाही. प्रत्येक घरातून पीठ आणि लाकडाची मोळी जाते, आणि प्रत्येक माणूस मातीला जातो. जो दुसऱ्याच्या मातीला जात नाही, त्याचा खड्डा खणायला कोणी येत नाही. दंड भरून सुटता येईल असा हा गुन्हा नाही. साथीत पन्नासच माणसं जमवा असा सरकारी फलक केंद्राच्या दारावर होता, तो लावणाराही त्या दिवशी मातीला गेला होता.

आंब्याखाली चिटपाखरू नव्हतं. फेलेस्टाने थोडा वेळ वाट बघितली, मग कमरेला कापड गुंडाळलं, डोक्याला दुसरं बांधलं आणि मला घेऊन दोरिकाबाईंच्या घराकडे निघाली. मातीनंतर सगळी माणसं एका जागी असतील, तेव्हा बोलू, असा तिचा विचार.

पण कामाची वस्तू मयताच्या अंगणात नेत नाहीत. सायकली, टोपल्या, विळे सगळं कुंपणाबाहेर राहतं. मलाही तिने बाहेर ठेवलं, एका झुडपाच्या सावलीत, आणि ती आत बायकांत जाऊन बसली.

सावली थोडीच एका जागी बसते? वायसनचा मुलगा ब्लांटायर शहरातून निघाला होता, तो आल्याशिवाय खड्ड्यात उतरवायचं नाही असं ठरलं. ऊन वर चढलं. आधी माझा पट्टा तापला, मग झाकण. त्या दिवशी वीज नसल्यामुळे बर्फही अर्धाच जमलेला होता. बाटल्यांतलं पाणी हलायला लागलं तसा माझा धीर सुटला. पोटातल्या त्या एका कुपीत दहा माणसांचे जीव होते आणि मला एक वीतभर सरकता येत नव्हतं. आत बायका खांद्याला खांदा लावून गात होत्या. तोंडावर कापड कोणाच्याच नव्हतं, कापड बांधून रडता येत नाही. गाण्याच्या मधे कोणीतरी खोकायचं आणि गाणं पुढे जायचं. त्यांत शिट्टीचा एक श्वास मला ओळखीचा होता. मी कधी इतकी घाबरले नव्हते.

लामेक पाहुण्यांना सोडून आला, सायकल टेकवताना त्याने मला पाहिलं. उचललं, कानाशी धरून हलवलं. हे तो फेलेस्टाचं बघून शिकला असणार.

"तुलाही घाम फुटला होय," तो पुटपुटला. त्याने स्वतःचा सदरा काढला, पाण्यात भिजवून माझ्यावर घातला आणि मला भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवलं. मग माती होईपर्यंत तो उघड्या अंगाने माझ्याजवळ बसून राहिला. वायसन त्याचं रोजचं गिऱ्हाईक होता. मागच्या सोमवारी त्यानेच त्याला बाजारातून घरी आणला होता, त्याची छाती आपल्या पाठीला घासत. हे तो मला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता.

ऊन कलल्यावर माती झाली. लोक हात धुऊन परत अंगणात आले तेव्हा फेलेस्टा दोरिकाबाईंपुढे गुडघ्यांवर बसली.

"प्रमुखबाई, दोन शब्द बोलू द्या. माझ्याकडे दहा जणांचं औषध आहे. आज संपलं की त्याची माती."

दोरिकाबाईंचे डोळे सुजलेले होते.

"माझ्या भावाच्या अंगणात सुई निघणार नाही," त्या म्हणाल्या. "कुंपणाबाहेर काय करायचं ते कर. ज्याला जायचं त्याने जावं, मी कोणाचं नाव लक्षात ठेवणार नाही."

आणि माणसं आली. रोजच्या आठांपैकी सहा आली, आजी आली, आणखी तिघं आली. वायसनला सगळ्यांनी पांढऱ्या चादरीत बघितलं होतं, अफवा त्या खड्ड्यात पडल्या होत्या. फेलेस्टाने मोजलं. दहा. या कुपीसाठी पहिल्यांदा दहा. तिने बर्फ तपासला, कुपीवरची तारीख बघितली आणि बूच टोचलं.

नऊ झाले. दहावी मलिता आजी, बाही वर करून उभी. तेवढ्यात ओला सदरा खांद्यावर टाकून लामेक रांगेच्या शेवटी आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"डॉक्टर, मी वायसनला पाठीला टेकवून घेऊन आलो होतो," एवढंच तो म्हणाला.

आजीने त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला झाली. "याला आधी टोच. आत्ता सोडलास तर पळेल. मी कुठे पळतेय?"

"आई, तू हो पुढे."

"अगं, वाढणारी माझी पोर आहे. मला पंगतीत शेवटी बसायला काय झालं? तूच म्हणतेस ना, असतात अकरा?"

फेलेस्टा थांबली. मला दिसत होतं की तिलाही तेच बरं वाटलं. सगळ्या गावासमोर आईला शेवटी. कोणी बोट दाखवायला नको. आणि अकरा तर असतातच. तिने लामेकला टोचलं. त्याने डोळे मिटून घेतले होते, झाल्यावर त्याने विचारलं, "चमचा?" आणि आजी हसली.

मग फेलेस्टाने नवी सुई कुपीत घातली. कुपी उलटी केली, बोटाने टिचकी मारली. दट्ट्या मागे ओढला. औषध अर्ध्या रेघेच्याही खाली थांबलं, वर हवा. तिने कुपी तिरकी केली. पुन्हा ओढलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा सुई रिकाम्या काचेवर टकटक वाजली.

अर्धा डोस द्यायचा नाही हाही नियम होता. पण नियमाचं जाऊ द्या, अर्ध्याने काही होत नाही हे तिला माहीत होतं. कुपीवर दहा लिहिलं होतं आणि कुपीत दहाच होते. कुपीने काही फसवलं नव्हतं.

आजीने बाही हळूच खाली केली. "राहू दे. पुढच्या खेपेला."

पुढची खेप कधी येणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फेलेस्टाने त्या दिवशी वहीत 'वाया गेले' पुढे शून्य लिहिलं.

सहाव्या दिवशी आजी केंद्रात आली नाही. सातव्या दिवशी मला फेलेस्टाच्या घरी नेलं, लशीसाठी नव्हे. गोठवलेल्या बाटल्या तापलेल्या कपाळावर ठेवायला. ज्या बर्फाला मी जन्मभर जपलं, तो आजीच्या कपाळावर बघता बघता पाणी होत होता. श्वासाची शिट्टी थांबली होती, तिच्या जागी खरखर आली होती. जिल्ह्याच्या गावी प्राणवायू होता, पण एका टाकीमागे पाच माणसं होती, आणि गाडीला तेल नव्हतं. लामेक सायकल घेऊन दारात उभा होता. आजीनेच नको म्हटलं. "तुझ्या मागच्या सीटवर मेले तर उद्यापासून तुझ्याकडे गिऱ्हाईक यायचं नाही."

आणि अकराव्या दिवशी जिल्ह्याहून फोन आला. लस आलीय. चाळीस कुप्या. बर्फ घेऊन या, बर्फाशिवाय मिळणार नाही. आणि लवकर या, मुदत चार दिवसांची आहे.

फेलेस्टा फोन हातात धरून तशीच उभी राहिली. चारशे डोस. अकरा दिवस उशिरा आणि चार दिवसांपुरते. आईच्या कपाळावरच्या, मानेखालच्या बाटल्या तिला काढवेनात. आजीनेच एक उचलून तिच्या हातात दिली. मी तिच्या पाठीवर होते, रस्ताभर ती रडत होती आणि पायडल मारत होती. येताना मी काठोकाठ भरलेली होते. इतकी भरलेली मी पूर्वी कधी नव्हते आणि इतकी घाबरलेलीही नव्हते.

परत आलो तेव्हा आजीने दोरिकाबाईंना बोलावून घेतलेलं होतं. त्या तोंडाला कापड बांधून उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. आजी एकेका शब्दाला थांबून बोलत होती.

"प्रमुखबाई, मी आज उद्या जाईन. माझ्या मातीला गाव यायचं नाही."

"फेलेस्टाच्या आई, असं बोलू नये. तू कधी कोणाची माती चुकवलीस का? गाव आलं नाही तर गावालाच पाप लागेल."

"लस चार दिवसांची आहे. माझ्यापायी गाव दोन दिवस थांबलं, की राहिले दोन. मला कसली घाई आहे? मी थांबेन खड्ड्याशेजारी."

"लोक मानायचे नाहीत. मीही कसं सांगू?"

आजीने श्वास गोळा केला. "वायसनच्या मातीला आपण सगळे आलो होतो. मी तिथून काय घेऊन घरी गेले ते बघ."

दोरिकाबाईंनी मान खाली घातली. भाऊ त्यांचा, घर त्यांचं, अंगण त्यांचं. त्या उठून गेल्या, हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

आज सकाळी सूर्य उगवताना आजी गेली.

मी हे तुम्हाला आंब्याखालून सांगतेय. फेलेस्टा माझ्या शेजारी बसली आहे, कमरेला आणि डोक्याला तेच कापड. तीन गावांत सुई टोचणारी ती एकटी आहे, दुसरं कोणी असतं तर ती इथे नसती. घर इथून दिसतं. आत दोन मावश्या आजीजवळ बसल्यात, त्यांचं रडणं वाऱ्याबरोबर इथपर्यंत येतं. ते आलं की फेलेस्टा उठते, दोन पावलं टाकते आणि परत बसते.

लामेक भल्या पहाटेपासून दारोदार फिरतोय. आधी रांग, मग माती, असा निरोप सांगतोय. काही लोकांनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. आपण गेलो नाही तर आपल्या वेळी कोण येईल, ही भीती सुईच्या भीतीहून जुनी आहे. मला त्यांचा राग येत नाही. भीतीबद्दल मी कोणाला काय शिकवणार?

पहिला तासभर कोणीच आलं नाही. मग एक म्हातारा आला. मग दोघी जावा, एकमेकींचा हात धरून. मग दोरिकाबाई आल्या, सरळ माझ्यासमोर बसल्या आणि कोणाकडे न बघता बाही वर केली. त्यांच्यामागून पाच जणं आली. नऊ झाली. मग रस्ता पुन्हा रिकामा.

फेलेस्टाने नऊ मोजली. मला वाटलं, आता ही थांबणार. बारा वर्षं मी हिला ओळखते. तिने कुपी काढली, रस्त्याकडे बघितलं, घराकडे बघितलं.

"एक कमी आहे, डॉक्टर," दोरिकाबाई हळूच म्हणाल्या. "थांबायचं का?"

"नाही," फेलेस्टा म्हणाली आणि तिने बूच टोचलं.

नऊ जणांना टोचून झालंय. ती माणसं आता आजीच्या घराकडे निघालीत, दहा दहा पावलांचं अंतर ठेवून. उघडी कुपी माझ्या स्पंजच्या चिरेत उभी आहे, तिच्यात एक डोस आहे. तिच्याखाली एकोणचाळीस कुप्या अजून बंद आहेत. उघडून तास होऊन गेला, पाच उरले. बर्फाला पाझर फुटलाय, मला आत थेंबाथेंबाने कळतंय.

एवढ्या वर्षांत मी कोणाला काही मागितलं नाही. आज मागते. जे लांबून पाठवतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की द्यायचं तर वेळेवर द्या, आम्हीही तुमच्याच वेळी आजारी पडतो. आणि जे जवळ आहेत, दाराआडून बघतायत, त्यांनो, या. एकटे आलात तरी चालेल. दहा होण्याची वाट आता कोणी बघत नाही.